मित्रास पत्र: पुढच्या सचिवाची फाइल आजच उघड

बेळगाव,
रविवार सकाळ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

जपानला जाऊन आलेल्यांच्या आपल्या संघाचा सचिव म्हणून तुझं नाव नक्की झालं, फार बरं वाटलं. पेढे भेटीत खाऊ. आज कामाचंच लिहितो, कारण पहिल्या दोन महिन्यांत जे ठरतं तेच पुढची दहा वर्षं चालतं.

सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगतो आणि बाकीचं पत्र तिच्याच पोटात आहे असं समज. आपला संघ म्हणजे मुळातच निघून जाणाऱ्या माणसांचा संघ. व्हिसा आला की खजिनदार नागोयाला, नोकरी लागली की सहसचिव पुण्याला किंवा बेंगळुरूला. उत्साह पहिल्या कार्यकारिणीत असतोच, पण दुसरी कार्यकारिणी बसते तेव्हा तिच्या हातात वही नसते, पासवर्ड नसतो, जपानमधल्या कुणाचा पत्ता नसतो. म्हणून सचिवाचं खरं काम पुढच्या सचिवाची फाइल भरत राहणं. जपानीत ह्याला ‘हिकित्सुगी’ म्हणतात. ह्याचं उदाहरण म्हणजे जपान सरकारचा जेट कार्यक्रम. तो १९८७ मध्ये सुरू झाला. त्यातून तिथल्या शाळांत इंग्रजीला मदत करायला जाणारे परदेशी तरुण जास्तीत जास्त पाच वर्षं राहू शकतात. जुना जातो, नवा येतो, कित्येकदा दोघांची भेटही होत नाही. मागे राहते ती टिपणांची वही: कपाटाची किल्ली कुठे, कोणत्या वर्गाला काय आवडतं, कुणाला आधी विचारायचं. त्यांचा माजी सभासदांचा संघ १९८९ पासून उभा आहे, तोही अशाच बदलत्या माणसांच्या जोरावर.

आता आपल्याकडे हे कुठे तुटतं ते बघ. बँकेचं खातं, ईमेल, ऑनलाइन सभेचं खातं, सगळं एका उत्साही मुलाच्या खासगी मोबाइल नंबरावर उघडलेलं असतं. तो ओसाकाला जातो, इथलं सिम रिचार्ज होत नाही, ९० दिवस न वापरलेला नंबर बंद होतो आणि ओटीपी बंद पडलेल्या नंबरावर जात राहतो. मग खात्यात पैसे असून हॉलचं भाडं देता येत नाही. उपाय साधा आहे. संघाच्या नावाने एक स्वतंत्र सिम घे, स्वस्तातल्या बटणाच्या फोनात घाल आणि रिचार्जची तारीख खजिनदार आणि सहसचिव दोघांच्या कॅलेंडरवर टाक. ईमेलचा रिकव्हरी पत्ता दुसऱ्या पदाधिकाऱ्याचा ठेव. बँकेत तीन सह्या नोंदव, त्यांतल्या कोणत्याही दोन चालतील असं लिहून दे. तिघांपैकी निदान दोघं बेळगाव सोडून जाणारे नसावेत. सही बदलायची झाली की बँक ठरावाची नक्कल, नवी यादी आणि नव्या माणसाचे पॅन-आधार मागते. ठरावात माणसाचं नाव पॅनकार्डावर आहे अगदी तसंच लिही. आद्याक्षरांवरून अर्ज परत येतो.

नोंदणीचं म्हणशील तर एक सापळा आपल्या भागातलाच आहे. कोल्हापूर-पुण्याच्या एखाद्या संस्थेची घटना मागवायची आणि नाव बदलून टंकायची, ही आपल्याकडची सवय. त्या घटनेत धर्मादाय आयुक्त असतात, चेंज रिपोर्ट (पदाधिकारी बदलल्याची नोंद) असतो. ते महाराष्ट्राचं. इथे कर्नाटक संस्था नोंदणी कायदा १९६० लागतो, कमीत कमी सात जणांच्या सह्या लागतात आणि कागद जिल्हा संस्था निबंधकांकडे, म्हणजे सहकार खात्याच्या कार्यालयात जातात. वार्षिक सभा झाल्यावर १४ दिवसांत कार्यकारिणीची यादी आणि ताळेबंद तिथे सादर करायचा असतो. हे दरवर्षी करायचं आणि पोचपावतीवर शिक्का घेऊन ती फाइलला लावायची. दोन-तीन वर्षांच्या याद्या राहिल्या की नव्या पदाधिकाऱ्यांना कागदोपत्री कुणी ओळखत नाही आणि जुन्यांची सही तर मिळत नाही.

सभासद कोण, ह्या कलमावर जितका वेळ द्यावासा वाटेल तितका दे. आपल्याकडे मेक्स्टच्या, म्हणजे जपानी शिक्षण मंत्रालयाच्या, शिष्यवृत्तीवर वर्षानुवर्षं राहून पदवी घेतलेला आहे, साकुरा सायन्स ह्या जपानी विज्ञान-भेटीच्या कार्यक्रमातून आठवड्याभरासाठी जाऊन आलेली शाळकरी मुलगी आहे, उद्यमबागेतल्या कारखान्याने एओटीएस ह्या जपानी संस्थेच्या तांत्रिक प्रशिक्षणाला पाठवलेला फोरमन आहे. भारत-जपानच्या २०१७ च्या करारानंतर तांत्रिक प्रशिक्षणार्थी म्हणून आणि २०२१ च्या करारानंतर ‘विशिष्ट कौशल्य’ व्हिसावर जाणारेही आहेत. ‘एक्स्चेंज’ म्हणजे फक्त विद्यार्थी, असं लिहिलंस तर फोरमन बाहेर राहतो आणि खरं सांगू, जपानी कारखान्याची शिस्त सगळ्यात जवळून बघितलेला माणूस तोच असतो. माझं मत असं: जपानी सरकारी, शैक्षणिक किंवा प्रशिक्षणाच्या कार्यक्रमातून गेलेला प्रत्येक जण सभासद, मुक्काम किती दिवसांचा ते विचारायचं नाही. मताचा हक्क १८ वर्षं पूर्ण झालेल्यांना. पर्यटनाला गेलेले आणि नुसते जपानीप्रेमी ह्यांना ‘स्नेही’ म्हणून घे, त्यांना मत नसेल पण कार्यक्रमाला मुक्तद्वार.

कोरम लहान ठेव. कार्यकारिणी ९ जणांची, कोरम ५. सर्वसाधारण सभेला लोक हौसेने ‘निम्मे सभासद’ लिहितात, आणि निम्मे सभासद तर समुद्रापलीकडे! साठ सभासद असतील तर एक पंचमांश, म्हणजे १२ पुरे. कोरमअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल, हेही लिही. नऊ जणांची मुदत दोन वर्षं, पण एका वर्षी चार आणि पुढच्या वर्षी पाच जण बदलतील असं बसव. म्हणजे प्रत्येक कार्यकारिणीत कालचं माहीत असलेले जवळजवळ निम्मे तरी उरतात. नऊच्या नऊ एकदम बदलणं हा संघ बंद पाडायचा हमखास रस्ता.

ऑनलाइन सभा रात्री आठला लावू नकोस. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, तिकडे साडेअकरा वाजलेले असतात आणि माणूस मान हलवत झोपेत ठराव मंजूर करतो. रविवारी सकाळी ११ धर, तिकडे दुपारचे अडीच. जुलै आणि डिसेंबरचा पहिला रविवार मात्र सोड, त्या दिवशी जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा असते आणि मुलं पुण्याला किंवा बेंगळुरूला गेलेली असतात. डिसेंबरात इथल्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं की गावात खोली मिळत नाही. आणि १ नोव्हेंबर, १७ जानेवारी ह्या सीमाप्रश्नाच्या तारखा आपल्या गावात का टाळायच्या हे तुला मी काय सांगणार?

सभेआधी ‘नेमावाशी’ कर. शब्द झाडाच्या लावणीतला आहे. मोठं झाड हलवायचं तर आधीपासून बुंध्याभोवती खणून मुळं सावकाश मोकळी करायची, मगच उचलायचं. वर्गणी ₹३०० वरून ₹५०० करायची असेल तर ज्याला खुपणार आहे त्याच्या घरी सभेआधी आठ दिवस जा, त्याचं ऐक, जमलं तर ठराव बदल. पण एक धोका सांगून ठेवतो. फोनवरच सगळं ठरलं आणि इतिवृत्तात एक ओळही आली नाही, तर पुढच्या वर्षी कुणालाच आठवत नाही की हे का ठरलं. इतिवृत्तात प्रत्येक ठरावाखाली तीन गोष्टी हव्यात: काय ठरलं, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. आणि कारणाची एक ओळ. ती कारणाची ओळच दोन वर्षांनी कामाला येते.

पैशात सर्वांत जपायचं ते परदेशी देणगीला. एखादे जपानी सर कार्यक्रमाला येतात, प्रेमाने पाकीट पुढे करतात. आत ₹५,००० असले आणि तेही रुपयांत असले, तरी ती परदेशी देणगीच. एफसीआरए २०१० ह्या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा आगाऊ परवानगी असल्याशिवाय संघाला ती घेता येत नाही. नोंदणी मागायची तर संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि मुख्य कामावर त्या तीन वर्षांत ₹१५ लाख खर्च झालेले हवेत. आपल्यासारख्या संघाला ते झेपणारं नाही. वस्तूंनाही हेच लागू, म्हणून ‘पुस्तकांची पेटी पाठवतो’ म्हणणाऱ्यालाही आधी थांबव. जपानमध्ये नोकरी करणारा आपला सभासद भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. त्याने जपानी नागरिकत्व घेतलं असेल तर ठरते, कारण तिथे दुहेरी नागरिकत्व चालत नाही. म्हणून सभासद-नोंदणीच्या अर्जात नागरिकत्वाचा रकाना ठेव. वर्गणी ₹५०० आणि साठ सभासद म्हणजे ₹३०,०००. त्यातले ₹१०,००० पहिल्यापासून बाजूला, त्यांना हात लावायचा नाही. आपलं आणि जपानचं दोन्ही आर्थिक वर्षं १ एप्रिल ते ३१ मार्च, तेवढा एक ताप कमी.

भाषेचं आता. आपण मराठी माणसं चारचौघांत बसलो की बोलणं आपोआप मराठीत घसरतं. गोकाकचा किंवा बैलहोंगलचा सभासद दोन सभा गप्प बसतो आणि तिसऱ्या सभेला येत नाही. हे वाईट हेतूने होत नाही, पण होतं. सूचनापत्र कन्नड, मराठी आणि इंग्रजीत काढ. अध्यक्ष मराठी असतील तर उपाध्यक्ष कन्नड असू दे, पुढच्या वेळी उलट. निबंधकांकडे जाणारे कागद कन्नडमध्ये कर, काम पटकन होतं. कन्नड भाषा कायद्याच्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात पाटीचा ६० टक्के भाग कन्नडचा हवा. कार्यक्रमाचा फलकही त्याच मापाने बनव: १० बाय ४ फुटांचा असेल तर वरचे अडीच फूट कन्नड, खालच्या दीड फुटात मराठी आणि जपानी. ऐन वेळी फलक उतरवायची पाळी येत नाही. आपल्या संघाला एक देणगी आहे, जपानी ही दोन्हीकडच्यांनी सारख्याच कष्टाने शिकलेली भाषा. सभेची सुरुवात तिनेच करत जा.

फलकावरून आठवलं. जपानी मजकूर छपाईवाल्याला व्हॉट्सअॅपवर टंकून पाठवू नकोस. त्याच्या संगणकात फॉन्ट नसतो, अक्षरांच्या जागी चौकोन उमटतात, किंवा चिनी फॉन्ट लागून काही कांजींची, म्हणजे चित्राक्षरांची, वळणं बदलतात आणि जपानी पाहुण्याला ते पहिल्याच नजरेत दिसतं. अक्षरं कर्व्हजमध्ये (म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकृत्यांत) बदलून पीडीएफ दे. मजकूर उभा असेल तर स्वर लांबवणारी आडवी रेघ उभी झालीय ना, ते प्रत बघताना बोट ठेवून तपास.

वाणिज्य दूतावासाशी पत्रव्यवहार बेंगळुरूशी. इथून जवळच्या चंदगडचा मुलगा बाजाराला बेळगावात येतो, क्लासही इथेच करतो, पण तो महाराष्ट्रात राहतो म्हणून त्याचा व्हिसा-अर्ज मुंबईच्या कक्षेत. हे मार्गदर्शन-सभेत मोठ्याने सांग. पाहुणे बोलावलेस तर वेळापत्रक मिनिटांसह आधी पाठव आणि तसंच पाळ. शाल, श्रीफळ, हार, प्रत्येकाचा सत्कार ह्यात पाऊण तास जातो. एक सत्कार, एक दीपप्रज्वलन, दहा मिनिटांत आटप. भेट द्यायला कुंदा टिकत नाही. गोकाकचा करदंट दे, पण सुट्या वेष्टनातल्या वड्या करून घे. जपानी माणूस भेट कचेरीत नेऊन वाटतो, अख्खी लादी त्याला कापत बसावी लागते.

संघाने वर्षात एकच काम नीट केलं तरी चालेल, आणि ते म्हणजे जाणाऱ्यांची तयारी. निपाणी-चिकोडीकडची जैन मुलं, लिंगायत घरची मुलं जातात आणि मिसो सूप शाकाहारी समजून पितात. त्यातल्या ‘दाशी’त बहुधा ‘कात्सुओबुशी’, म्हणजे वाळवलेल्या माशाचे काप असतात. नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, ‘दाशी’ कशाची हे विचारायला शिकव आणि पाकिटावरचे शब्द कार्डावर छापून दे. सर्दीच्या गोळ्यांत सुडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असेल तर त्या नेता येत नाहीत. चिठ्ठीवरची औषधं महिन्याभराहून जास्तीची असली तर ‘युन्यू काकुनिन्शो’ हे औषध नेण्याचं जपानी प्रमाणपत्र निघण्याआधी काढायचं. दीर्घ मुक्कामाला गेलेल्याने घर मिळाल्यापासून १४ दिवसांत पालिकेत पत्ता नोंदवायचा. हे सांगायला ताजा परतलेला सभासद बसव. पाच वर्षांपूर्वी परतलेल्याचे नियम जुने झालेले असतात.

घटनेचा मसुदा सात सह्यांना जाण्याआधी मला पाठव. सभासदत्वाचं आणि कोरमचं कलम पेन्सिलीने बघून बुधवारपर्यंत परत करतो. कन्नड भाषांतर कोण करणार ते ठरलंय का? नसेल तर ह्या आठवड्यातच ठरव, नोंदणी तिथेच अडते.

वहिनींना नमस्कार, आईंना साष्टांग.

तुझाच,
मित्र