मिस्त्री मामांचे जाहीर आभार

आदरणीय मिस्त्री मामा,
सा. न.

पावसाळा सरत आला आणि यंदा माझ्या माजघरात गळतीखाली एकदाही पातेलं मांडावं लागलं नाही. तोंडी आभार मानले असते तर तुम्ही "असू दे की" म्हणून विषय संपवला असता, म्हणून चारचौघांत लिहितेय. शिवाय मंगळवार पेठेत अजून विचारणारे भेटतात, "मिस्त्रीकडनं फुकटात शाकारून घेतलंस म्हणं?" फुकट काहीच नव्हतं, हे त्यांनाही कळू दे.

मृग तोंडावर आला होता. तुम्ही वर चढून वाळवी लागलेल्या रिपा, मांजरांनी फोडलेली मंगलोरी कौलं, गंजलेली पन्हळ, सगळं बघितलंत आणि आकडा सांगितलात. आकडा वाजवीच होता, पण माझी नोकरी सुटलेली. मी हप्ते मागितले, तर तुम्ही विचारलंत, "तुला काय येतंय?" हिशोब येतात म्हटल्यावर खिशातनं कॅलेंडरच्या पानांची घडी काढलीत. पाठीमागं उक्त्या कामांच्या नोंदी होत्या. कुणाची चौकट, कुणाचं दार, कोण किती देणं लागतो. निम्म्या ठिकाणी रक्कम होती आणि नावच नव्हतं.

मग ठरलं. तुम्ही माझं घर शाकारायचं, मी तुमची उधारी लावून द्यायची, कामाचा अंदाज लिहून द्यायला छापील कागद तयार करायचा आणि बी.कॉम.ला असलेल्या तुमच्या धाकटीला रोजकीर्दीपासून ताळेबंदापर्यंत शिकवायचं. रिपा, खिळे, नवी कौलं यांचे पैसे मी दुकानात रोख दिले. तिथं अदलाबदल चालत नाही आणि चालावी अशी अपेक्षाही नाही.

हाताखालच्या पोराचं तुम्ही वेगळं काढलंत, ते मला फार आवडलं. "त्याची हजेरी रोजच्या रोज रोखीनं दे. त्याच्या घरात सांजच्याला तेल-मीठ लागतंय, तुझी खतावणी घेऊन तो काय करंल?" पैशाविना व्यवहाराचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. ज्याला आजच पैसा हवा आहे त्याला त्यात ओढू नये, हे त्यांच्यापैकी कुणी मला सांगितलं नव्हतं.

दराचं आपलं थोडं वाजलं. तुमचा दिवस मेच्या उन्हात आढ्यावर, माझा फॅनखाली. दोन्ही सारखे कसे? तुम्ही म्हणालात, "पैऱ्यात, म्हंजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीनं राबताना, दिवसाला दिवस. भांगलताना कोण किती सरी पुढं गेला ते मोजत न्हाईत." मला ते अजून पूर्ण पटलेलं नाही. शेतात दोघी एकाच उन्हात असतात. घसरून पडायची भीती तुम्हाला होती, मला नव्हती. पण ऐकणारे तुम्ही कुठले!

मी जरा भावूक होऊन "अगदी जुन्या बलुत्यासारखं" म्हणाले, तेव्हा मात्र तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत. तुमचे आजोबा गावचे सुतार. वर्षभर नांगर, कुरी, मोटेचं लाकूड नीट करायचं आणि सुगीत खळ्यावर जाऊन उभं राहायचं. किती धान्य पदरात पडणार, ते देणाऱ्याच्या मर्जीवर. काम बदलायची मुभा नाही, जातीनं ठरलेलं. "म्हणून म्हणतो, आधी बोलायचं, मग लिहायचं, मग पटाशी उचलायची." दोघांच्या सह्यांची ती वही तेव्हापासून माझ्या कपाटात आहे. खरं सांगते, त्या वहीमुळंच मला तुमच्यासमोर ओशाळं वाटलं नाही. "घरचंच काम हाय" म्हणून तुम्ही दया दाखवली असती, तर मी तुमच्या गल्लीतनं जायचं टाळलं असतं.

(पेठेतल्या हुशार मंडळींसाठी: होय, 2017 च्या जीएसटी कायद्यात कलम 7 मध्ये विक्रीच्या शेजारीच वस्तुविनिमयही लिहिला आहे, म्हणजे अशा अदलाबदलीलाही कर लागू शकतो. पण सेवा देणाऱ्याला आपल्याकडे नोंदणी लागते ती साधारणपणे वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की. मामांची आणि माझी मिळून तिथं पोचायला बराच अवकाश आहे.)

तुम्ही खाली उतरताना आढ्याजवळ एक काचेचं कौल न सांगता बसवून गेलात. वहीत त्याची नोंद नाही आणि विचारलं तर "पडून होतं" म्हणता. स्वयंपाकघरात आता दिवसा दिवा लावावा लागत नाही. त्याचे वेगळे आभार.

माझ्याकडून अजून थोडे दिवस फिटायचे आहेत. धाकटीचा ताळेबंद जुळतो, पण घसारा ती अजून पुस्तकात बघून लिहिते. दसऱ्यानंतर रविवारी तिला पाठवा. आणि त्या चौकटवाल्याकडं दिवाळीच्या आधी जा. बिल तयार आहे, तेवढी सही करा आणि "सवडीनं द्या" असं यावेळी म्हणू नका.

तुमची,
कौलारू घरातली भाची