बासष्टचा अहवाल आता तरी खुला करा

दरवर्षी २५ नोव्हेंबरला, यशवंतराव चव्हाणांच्या पुण्यतिथीला, कराडला प्रीतिसंगमावरच्या त्यांच्या समाधीपाशी माणसे जमतात आणि 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य कानावर येतेच. ते ऐकले की मला आईचे हात आठवतात. १९६२ च्या चीन युद्धात यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, त्या दिवसांत तिने आपल्या दोन्ही पाटल्या संरक्षण निधीला दिल्या. मी तेव्हा चौथीत होते. पाटल्या पुन्हा कधी झाल्या नाहीत. त्याबद्दल आईने चकार शब्द काढला नाही.

शाळेत आम्हाला ते युद्ध एकाच शब्दात शिकवले गेले: विश्वासघात. शिक्षिका झाल्यावर मीही वर्षानुवर्षे तेच शिकवले. 'हिंदी-चिनी भाई-भाई' आणि पाठीत खंजीर. हे खोटे नाही. पण खंजीर म्हटले की आपले काय चुकले, हे विचारायचे राहूनच जाते. जवान जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली घेऊन, अपुऱ्या गरम कपड्यांत त्या थंडीत का उभे होते?

हे तपासले गेले होते. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी १९६३ मध्ये अहवाल दिला. त्या सप्टेंबरात यशवंतरावांनी संरक्षणमंत्री म्हणून प्रशिक्षण, शस्त्रसामग्री आणि नेतृत्वव्यवस्थेतल्या उणिवा लोकसभेत सांगितल्या; मूळ अहवाल मात्र गोपनीय ठेवला. तो आजही लष्करीदृष्ट्या संवेदनशील आहे, असे २०१० मध्येही तेव्हाच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितले. २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने त्याचा मोठा भाग इंटरनेटवर टाकला, तरी सरकारी कुलूप निघाले नाही.

अशा अर्ध्या आठवणीवर परराष्ट्र धोरण चालते. १४ नोव्हेंबर १९६२ ला संसदेने आक्रमकाला पवित्र भूमीतून हाकलून लावण्याचा निर्धार केला. त्यानंतर सीमाप्रश्नावर देवाणघेवाणीचा शब्द काढणे कोणत्याही पंतप्रधानाला जड गेले. नेहरूंच्या १९५४ च्या भेटीनंतर भारताचा पंतप्रधान चीनला गेला तो थेट १९८८ मध्ये, ३४ वर्षांनी.

जून २०२० मध्ये लडाखमधल्या गलवानला चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले २० जवान गेले. बातम्या पाहताना माझ्या तोंडून पुन्हा 'पाठीत खंजीर' निघाले. नातू म्हणाला, "आजी, पण बासष्टला नेमके काय चुकले होते?" उभी हयात शिकवण्यात घालवलेल्या मला उत्तर देता आले नाही.

यंदा प्रीतिसंगमावर येणाऱ्या खासदारांनी हिवाळी अधिवेशनात एवढी मागणी करावी: तो अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवा.

– एक निवृत्त शिक्षिका, कराड