कोऱ्या चहासारखी लघवी म्हणजे उन्हाळी नव्हे

महोदय,

जागतिक मूत्रपिंड दिनानिमित्तच्या तुमच्या पुरवणीत मधुमेह आणि रक्तदाबावर पानभर मजकूर होता. माझ्या मुलाचं दुखणं सुरू झालं तेव्हा त्याला यातलं काहीच नव्हतं.

बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती. घसा धरला, ताप आला आणि दुसऱ्याच दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. आग नाही, कळ नाही. आमच्या सांगोल्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक असेल. ‘उन्हाळी लागली’ म्हणत मी धने-जिऱ्याचं पाणी पाजलं. तीन दिवसांत रंग निवळला आणि गुण पाण्याला गेला. उन्हाळीत आग होते, याला आग नव्हती, एवढंही मला सुचलं नाही.

पावसाळ्यात पुन्हा घसा, पुन्हा तोच रंग. या वेळी लघवी तपासली. लाल पेशी भरपूर, प्रोटीन दोन प्लस, म्हणजे नको तेवढं. सोनोग्राफीत खडा दिसेना, तर डॉक्टर ‘पडून गेला असेल’ म्हणाले. त्या दोन प्लसबद्दल कोणी बोललं नाही, मीही विचारलं नाही. रिपोर्ट फायलीत गेला.

पाच वर्षांनी कंपनीत लागताना मेडिकल झालं. रक्तदाब १६०/१००, क्रिएटिनिन (किडनी कमी गाळू लागली की रक्तात वाढतं ते) २.४, वय तेवीस. पुण्याला पाठीतून सुई घालून बायोप्सी केली (‘सुई लागली की किडनी जाते’ असं शेजारणी सांगून गेल्या होत्या) आणि नाव कळलं : आयजीए नेफ्रोपॅथी. आयजीए म्हणजे घसा-आतड्यांच्या अस्तरावर राखण करणारं प्रतिपिंड. या आजारात त्यातलं काही सदोष बनतं, किडनीच्या गाळण्यांत साचतं आणि तिथे सूज आणतं. पॅरिसच्या डॉ. बर्जर यांनी १९६८ साली हा आजार ओळखला.

काहींची किडनी जन्मभर धड राहते, काहींना पंचविशी-तिशीतच डायलिसिस लागतं. बदललेल्या किडनीतही तो परतू शकतो. रक्तदाब किती, बायोप्सीत व्रण किती आणि दिवसाला प्रोटीन किती जातं, यावर पुढचं बरंच ठरतं. पूर्वी प्रोटीन एक ग्रॅमच्या आत असलं की निर्धास्त राहत, आता अर्ध्या ग्रॅमच्या आत आणायला सांगतात. आमचं अडीच होतं, टेल्मिसार्टन या रक्तदाबाच्या रोजच्या गोळीने आणि सहा महिन्यांच्या स्टिरॉइडने ०.८ वर आलंय. स्टिरॉइडने तोंड सुजलं, पोरगं आरशासमोर जाईना. क्रिएटिनिन मात्र दोन वर्षं तिथेच थांबलंय. व्रण पडलेल्या गाळण्या परत येत नाहीत. ती पाच वर्षं त्यातच गेली.

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. तपासणीचं पथक येतं, वजन, डोळे, दात पाहतं आणि जातं. लघवीत बुडवायची पट्टी काही रुपयांची असते आणि मिनिटभरात रक्त नि प्रोटीन दाखवते. जपानमध्ये १९७४ पासून शाळकरी मुलांची लघवी दरवर्षी तपासतात. आपल्याकडे निदान नववी-दहावीला ही पट्टी लावावी, आणि रक्त व प्रोटीन दोन्ही दिसलं तर ‘किडनीच्या डॉक्टरांना दाखवा’ असं लॅबने रिपोर्टवर मराठीत छापावं.

मुलासाठी स्थळं पाहतोय. मुलीकडच्यांना सगळं सांगणारच आहोत, पण पेपरातून नको. म्हणून नाव छापू नये, ही विनंती.

– एक शिक्षिका, सांगोला