नवं इंजिन घ्यायच्या आधी

इंदूर, रविवार

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार.

मेकॅनिक म्हणतोय म्हणून तुझ्या चेनसॉला, त्या लाकूड कापायच्या मशीनला, नवं इंजिन बसवायला अजिबात हो म्हणू नकोस. निदान सायलेंसर काढून आत डोकावल्याशिवाय तरी नको. “कापता कापता आवाज एकदम चढला आणि फट्‌दिशी बंद पडलं” असं तू लिहिलंयस, त्यात अर्धं निदान आलं. बहुतेक लोक नुसतं “बंद पडलं” एवढंच सांगतात. आधी आवाज चढला याचा अर्थ हवा जास्त आणि पेट्रोल कमी जात होतं. आणि या टू-स्ट्रोक मशीनच्या इंजिनाला वेगळं ऑइल नसतं. जे काही ऑइल आत जातं ते पेट्रोलबरोबरच. म्हणजे पेट्रोल कमी झालं की ऑइलही तेवढंच कमी, वर उष्णता भलतीच वाढते. अकरा-बारा हजार फेऱ्यांनी फिरणाऱ्या पिस्टनला मग मिनिटभरही पुरतं.

मेव्हण्याच्या मशीनचं नुकतंच तंतोतंत असंच झालं, म्हणून इतक्या खात्रीने लिहितोय. सिमरोलला त्यांचं शेत आहे, आयआयटीच्या जवळ. आपण शाळेत होतो तेव्हा तिकडे नुसतं रान होतं, आठवतं ना? पहिल्याच वादळात गोठ्याला लागून असलेला कडुनिंब आडवा झाला. मशीन ५२ सीसीचं, बाजारात निरनिराळ्या रंगांत आणि निरनिराळ्या नावांनी मिळतं तेच चिनी. फांद्या सगळ्या उतरल्या, बुंध्याला हात घातला आणि गेलं. जवळच्या मेकॅनिकने प्लग बदलला, मग स्पार्क देणारी कॉइल बदलली, मग हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटरच नवा टाकला. मशीन ढिम्म! शेवटी “इंजिन गेलं, नवं टाका.” तुला मिळालं तेच उत्तर. मग स्वारी गोणीत मशीन घालून माझ्याकडे हजर. पिथमपूरच्या कारखान्यांत मेंटेनन्समध्ये माझा जन्म गेला, त्यामुळे घरातलं काहीही बिघडलं की ते माझ्या अंगणात येऊन पडतं. सौ.चं त्यावर एक ठरलेलं भाषण आहे, ते तुला ठाऊक आहे.

पाना हातात घेण्याआधी एक कर. चेनचा ब्रेक लाव, स्विच बंद ठेव, आणि स्टार्टरच्या दोरीचं हँडल धरून अख्खं मशीन उचल. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन आत जो दाब तयार करतो तो, चांगलं असेल तर दोरी सुटताना मशीन अडखळत, टप्प्याटप्प्याने खाली येतं. मेव्हण्याचं विहिरीत पोहरा सोडावा तसं थेट खाली आलं. गेज लावला तर ९० पीएसआय. धडधाकट इंजिनाला १३० ते १५० हवं. स्पार्क निळा, कडक पडत होता. प्लगचं टोक मात्र कोरडं आणि पांढुरकं. पेट्रोल-ऑइल नीट जळत असतं तर ते चहाच्या रंगाचं दिसलं असतं.

मग सायलेंसर. दोन लांब बोल्ट, ॲलन पान्याने निघतात. भोकात मोबाइलची बॅटरी मारायची आणि दोरी हळूहळू ओढत पिस्टन वर-खाली करायचा. आतलं काही बघितलं तर तेवढंच बघ, पण नीट बघ. मेव्हण्याच्या पिस्टनवर वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे होते. ॲल्युमिनियम घासलं जाऊन सारवल्यासारखं पसरलं होतं, नख फिरवलं की अडकायचं. वरची रिंग एका बाजूने खाचेत दाबून बसलेली, तिथे ती बाहेर यायलाच तयार नाही. कॉम्प्रेशन कुठे गेलं ते कळलं.

आता ओरखडे कुठल्या बाजूला आहेत त्याला महत्त्व आहे. चारी बाजूंनी असतील तर टाकीत नुसतं पेट्रोल गेलं, ऑइल घालायचं राहिलं. इनटेकच्या, म्हणजे हवा-पेट्रोल आत येतं त्या बाजूला बारीक, मळकट, वाळूने घासल्यासारखे असतील तर एअर फिल्टरमधून धूळ आत जाते. आणि फक्त सायलेंसरच्या बाजूला असतील तर इंजिन तापून मेलं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं किंवा कुठून तरी चोरटी हवा आत आली. ती बाजू मुळातच सगळ्यात तापट, तिथला पिस्टन आधी फुगतो आणि सिलिंडरला घासतो. मेव्हण्याचे सगळे ओरखडे त्या बाजूलाच होते. इनटेकची बाजू कोरी करकरीत, यंत्रावरून उतरली तशी.

बाळ्या, आता मुद्द्याचं. “इंजिन गेलं” हे मेकॅनिक खोटं बोलला नाही. पण पिस्टन कशाने गेला, हे त्याने विचारलं नाही. इथल्या सियागंजच्या बाजारात पिस्टन-सिलिंडरचा अख्खा किट मिळतो, तासा-दीड तासात बसतो, मशीन पहिल्या झटक्याला सुरू होतं आणि गिऱ्हाईक खूश. चोरटी हवा मात्र तिथेच असते. चार टाक्या पेट्रोल जळलं की तोच आवाज, तोच फट्‌दिशी बंद. मग लोक म्हणतात चिनी माल फालतू. फालतू असेलही, पण प्रत्येक वेळी नाही.

मेव्हण्याला विचारलं, आधी काही वेगळं वाटत होतं का? थोडा वेळ आठवून म्हणाला, रेस सोडली तरी आवाज लगेच खाली येत नव्हता, चेन जरा जरा फिरतच राहायची. त्याने आयडलचा, म्हणजे रेस न देता मशीन किती वेगात चालावं त्याचा, स्क्रू पिळून काम भागवलं होतं. ही हवा शिरण्याची जुनी खूण. तुझं मशीन असं करत होतं का, ते पुढच्या पत्रात लिही.

हवा कुठून येते ते इंजिन खोलायच्या आधीच शोधायचं, एकदा खोललं की पुरावा गेला. इंजिनात हलका दाब भरून साबणाचं पाणी लावायचं, फुगे येतील तिथे गळती. दाब फार लागत नाही, अर्ध्या बारच्याही आतच. माझ्याकडे तो पंप नव्हता, पण आईचं जुनं काट्याचं बीपीचं यंत्र होतं. त्याचा काटा ३०० पर्यंत जातो, तेवढा दाब इथे पुष्कळ. जुन्या प्लगचं पोट कोरून त्यात नळी बसवली, सायलेंसरच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा दाबून बोल्ट कसले, कार्बोरेटरच्या तोंडालाही तसंच बूच मारलं, पिस्टन अगदी खाली आणून ठेवला आणि फुगा दाबायला बसलो. सौ. दारातून म्हणाली, “आता मशीनलाही बीपी?” काटा २५० पर्यंत चढला आणि डोळ्यांदेखत उतरायला लागला.

क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, दोन्ही ऑइल सीलवर साबण लावला. काही नाही. सिलिंडरच्या खालच्या पॅकिंगला लावला. काही नाही. कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधे जे इनटेकचं रबर असतं त्याच्या वरच्या अंगाला लावला, तिथेही नाही. मशीन उलटं केलं, खालून लावला आणि बारीक फेसाचा पुंजका उठला. रबर काढून बघितलं तर अखंड दिसत होतं. बोटांत धरून वाकवल्यावर क्लिपजवळची फट उघडली, नखाएवढीच. मशीन सरळ धरलं की ती मिटलेली असणार. रेस दिली, हँडल थरथरलं, इंजिन रबरी बफरवर डुललं की उघडणार. म्हणून आधीच्या मेकॅनिकला रोग सापडला नाही, अन् नव्या कार्बोरेटरचा उपयोग झाला नाही.

पुढचं भराभर लिहितो. सिलिंडर चार बोल्टांवर वर निघतो. आत पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटलेलं असतं, ते बघून लोक सिलिंडरही फेकतात. मी फेकू दिला नाही. आतला थर क्रोमचा असतो. संडास धुवायचं ॲसिड कापसाच्या काडीने फक्त त्या डागांवर लावलं की ॲल्युमिनियम फसफसून सुटतं. जास्त वेळ राहिलं तर ते क्रोमही खातं, म्हणून डाग सुटला की लगेच पुसून घे. पण हातमोजे घाल, मोकळ्या हवेत कर, आणि एक्झॉस्टच्या भोकाच्या कडेला ॲसिड लागू देऊ नकोस, तिथे उघडं ॲल्युमिनियम असतं. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धू, पुसून ऑइलचा हात फिरव. अंगठा आतून फिरवून बघ, कुठे खडबड लागली नाही तर सिलिंडर वाचला. थरच उडाला असेल तर मात्र मन घट्ट करून बदल.

सियागंजात ४५ मिलिमीटरचा पिस्टन, रिंगा, पॅकिंग आणि इनटेकचं रबर घेतलं. दुकानदार ऐकायलाच तयार नाही, “भिया, पूरा किट ले जाओ, काहे को माथापच्ची!” बसवताना पिस्टनवरचा बाण सायलेंसरकडे, रिंगेचं तोंड खाचेतल्या खिळीवर, आणि पिस्टन अडकवायच्या गजन पिनच्या सर्क्लिप (तारेच्या बारीक क्लिपा) लावताना खाली क्रँकच्या तोंडात फडकं कोंबून ठेव. ती क्लिप उडून आत गेली की संध्याकाळ गेली. सगळं बसल्यावर पुन्हा बीपी बघितलं. काटा जागचा हलला नाही.

कार्बोरेटरचा मोठ्या रेसचा स्क्रू लोक ॲव्हरेजसाठी पिळून ठेवतात, तेही इंजिनाच्या मुळावर येतं. मोकळं असताना पूर्ण रेसला आवाज किंचित फडफडला पाहिजे, आणि लाकडात घातल्यावर साफ झाला पाहिजे. तेवढं मोकळं ठेव.

पेट्रोलबद्दल तू विचारलंस. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं मिळतं आणि जो तो त्याच्या नावाने खडे फोडतो. माझ्या मते निम्मं खरं आहे. जुन्या रबराला आणि कार्बोरेटरमधल्या डायाफ्रामला (पातळ पडद्याला) ते मानवत नाही, आणि पाणी ओढतं. तुझ्या कोकणच्या दमट हवेत अर्धवट कॅन महिनोन्‌महिने ठेवलास तर पाणी-इथेनॉल तळाशी उतरतं, ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं, आणि टाकीतली नळी तळातूनच ओढते. म्हणून लागेल तेवढंच कालव. साध्या टू-टी ऑइलने लिटरला ४० मिली घालतो मी. धूर झाला तर झाला. पावसाळ्यात मशीन टांगून ठेवणार असशील तर टाकी रिकामी करून, आहे तेवढं जळू देऊन बंद कर.

आणि सायलेंसर काढल्यावर पिस्टन स्वच्छ निघाला तर तू नशीबवान. मग टाकीचं झाकण सैल करून बघ, ‘फुस्स’ होऊन मशीन चालू राहिलं तर हवेचं भोक बुजलंय. किंवा गरम झाल्यावर बंद पडतं आणि थंड झाल्यावर चालतं असं असेल, तर बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच स्पार्क बघ. कॉइलवर संशय घ्यायची वेळ ती.

पिस्टनचे दोन फोटो पाठव, सायलेंसरच्या बाजूचा आणि इनटेकच्या बाजूचा. मशीन धुऊ नकोस, आहे तसं तेलकट राहू दे. इनटेकच्या रबराच्या दोन भोकांमधलं अंतर मोजून कळव. गुरुवारी सियागंजला जातोय, मिळालं तर कुरिअरने धाडतो. आणि त्या मेकॅनिकला सांग, मशीन परत हवंय, खोललं असेल तर जुने भाग पिशवीत घालून दे, एकही टाकू नको.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बंडू