मंत्रीसाहेब, तुमचा वॉटरप्रूफ सेट अर्ध्या मिनिटात बंद पडला

मा. मंत्रीमहोदय,
स.न.वि.वि.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारात वायरलेस सेट रिपेअर करायचं माझं छोटं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. आजवर कुठल्या मंत्र्याला पत्र लिहायची वेळ आली नव्हती, पण गेल्या गुरुवारी माझा सख्खा भाचा खंबातच्या आखातात सात तास अडकून पडला होता आणि तुमच्या खात्याने पुरवलेला सेट त्याच्या हातात बंद होऊन पडला होता, म्हणून लिहितोय.

भाचा सर्व्हे बोटीवर आहे, पाण्याची खोली मोजायचं काम. दुपारी इंजिन बंद पडलं, ओहोटी लागली, बोट गाळावर बसली आणि कलली. कावी-कंबोईला दर्शनाला गेलेल्या कुठल्याही बडोदेकराला विचारा तिथला समुद्र कसा आहे ते, अख्खं देऊळ रोज दोनदा पाण्याखाली जातं. भावनगरच्या बाजूला भरती-ओहोटीचा फरक १० मीटरपर्यंत जातो. अशा ठिकाणी कललेल्या बोटीत चार पोरं, मोबाईलला रेंज नाही आणि भरती यायच्या बेतात. बोलता बोलता सेट हातातनं निसटून बोटीत साचलेल्या पाण्यात पडला, लगेच उचलला, अर्धा मिनिटसुद्धा झालं नसेल. स्क्रीन एकदा लुकलुकली आणि गेली. दुसरा सेट होता तो कंत्राटदाराने स्वस्तात आणलेला ४४६ मेगाहर्ट्झचा, अर्ध्या वॅटचा वॉकीटॉकी. मदतीसाठी सगळी जहाजं ज्यावर कान ठेवतात तो चॅनल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, तो या खेळण्यावर लागतच नाही, रात्रभर ओरडलात तरी कोस्ट गार्डला ऐकू जाणार नाही. रात्री नऊला एका मच्छीमार बोटीला टॉर्च दिसला म्हणून आमचं पोर घरी आलं. माझी बहीण अजून रात्रीची उठून त्याच्या अंथरुणावर हात फिरवून बघते तो आहे ना म्हणून.

तो सेट रिपेअरला माझ्याकडेच आला. उघडला आणि हात थांबला माझा. बॅटरीच्या खाचेतली रबर रिंग एका जागी तुटलेली, बाकीची चपटी होऊन कडक झालेली, नखाने दाबली तर चुरा. पिनांवर हिरवा गंज, प्लेटच्या कडेला मिठाचे पांढरे खडे. तीन वर्षांत एकदाही गोड्या पाण्याने धुतलेला नाही. आणि त्यावर लाल डिस्ट्रेस बटण होतं साहेब! दाबलं की चॅनल ७० वरून बोटीचा नंबर आणि जागा आपोआप जाते. पण त्यासाठी आधी नऊ आकडी एमएमएसआय नंबर, म्हणजे बोटीची रेडिओवरची ओळख, भरावा लागतो, आपल्या देशाचा ४१९ ने सुरू होतो, तो कोणी भरलाच नव्हता. तीन वर्षं ते बटण नुसतं शोभेला.

आठ महिन्यांपूर्वी मी तुमच्या खात्याला लिहून कळवलं होतं की तुमच्या बोटींवरचे सेट माझ्याकडे येतायत, त्यातल्या निम्म्याहून जास्त सेटची सील गेलेली आहेत. एका साहेबांचा फोन आला, फार गोड बोलले, पावसाळ्याआधी सगळे सेट चेक करून घेतो, तुम्ही निश्चिंत राहा. मी निश्चिंत राहिलो. तो पावसाळाही गेला. परवा त्याच नंबरवर अकरा वेळा फोन केला, उचलत नाहीत.

सेट वॉटरप्रूफ म्हणून ज्या आयपीएक्स७ शिक्क्यावर विकतात, तो म्हणजे काय हे टेंडर काढणाऱ्यांना माहीत आहे का? नवा कोरा पीस, स्थिर गोडं पाणी, १ मीटर खोल, ३० मिनिटं, एवढीच ती टेस्ट. जोरात आदळणारी लाट त्यात धरलेली नाही, खारं पाणी नाही, तीन उन्हाळे खाल्लेलं रबर तर नाहीच नाही. सेट घेताना तरंगतो का बघा, काळा घेऊ नका, गढूळ पाण्यात सापडत नाही, साध्या सेलची जादा केस मिळते का विचारा, कारण चार्जिंगची बॅटरी म्हातारी झाली की ५ वॅटवर दोन वाक्यांत बसते. आणि घेतल्यावर रोज काम संपलं की बॅटरी लावलेलीच ठेवून गोड्या पाण्याखाली धरा, पुसा, पूर्ण वाळल्याशिवाय चार्जिंगला लावू नका, रिंगला बोटावर येईल एवढंच सिलिकॉन ग्रीस, थिनर-पेट्रोल अजिबात नाही, आणि रिंग वेळच्या वेळी बदला. ती रिंग दोनशे रुपयांच्या वर जात नाही हो. पण तुमच्याकडे खरेदीला पैसे असतात, देखभालीचा कॉलमच नसतो, नवीन सेटचा फोटो काढता येतो आणि दोनशेच्या रबराचा काढता येत नाही.

हे एका सेटपुरतं असतं तर मी गप्प बसलो असतो. १९९३ ला इथल्या सूरसागर तलावात बोट उलटली, २२ माणसं गेली. तेव्हा मी तरुण होतो, काठावर उभा होतो. १८ जानेवारी २०२४ ला इथल्याच हरणीच्या तलावात बोट उलटून १२ लेकरं आणि २ शिक्षिका गेल्या, लाइफ जॅकेट काहींच्याच अंगात होती. ९ जुलै २०२५ ला महीवरचा गंभीरा पूल तुटून गाड्या नदीत पडल्या. दर वेळी चौकशी, दर वेळी मदतीचा चेक, आणि आधी सांगणाऱ्याचा अर्ज कुठल्यातरी टेबलावर. आम्ही टॅक्स भरतो, सांगायलाही आम्हीच येतो, आणि मरायलाही आमचीच पोरं.

मला पैसे नकोत, सत्कार नको. तुमच्या बोटींवरचा प्रत्येक सेट उघडून बघा, लाल बटणात नंबर भरा, ४४६ वाले वॉकीटॉकी मदतीचा सेट म्हणून चालवून घेऊ नका, आणि पुढच्या टेंडरमध्ये दरवर्षीची रिंग आणि बॅटरी लिहून टाका. माणूस मिळत नसेल तर सेट माझ्या दुकानात पाठवा, मजुरी घेणार नाही.

भाच्याची सुट्टी रविवारी संपते. सोमवारी पहाटेच्या भरतीला तो परत बोटीवर जाणार, आणि कंत्राटदाराने त्याला बदली सेट दिलाय तो त्याच लॉटमधला आहे, मी काल उघडून बघितला, रिंग तशीच गेलेली आहे. मी माझ्याकडची बसवतोय. बाकीच्या बोटींचं सोमवारच्या आत तुम्ही बघा.

आपला,
एक रेडिओ मेकॅनिक
दांडिया बाजार, बडोदा