किमतीच्या कन्व्हर्टरमधली चूक आणि न लिहिलेल्या टेस्ट यांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आमच्या पितळी समयांची अंब्राकोवरची (वेबसाइटचा मजकूर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवरची) वेबसाइट तुम्ही बांधून दिलीत. ती इंग्रजी आणि जर्मन अशा दोन भाषांत चालते. गेल्या महिन्यात जर्मनीतल्या आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने स्क्रीनशॉट पाठवला: ४८.५० युरोच्या समईची किंमत ४८५० युरो. त्यांनी ऑर्डर रद्द केली.

तक्रार नोंदवली, तर "आमच्याकडे असं दिसत नाही" म्हणून ती दोनदा बंद केलीत. शेवटी मीच कोड उघडून बसले. तुमचा प्रॉपर्टी व्हॅल्यू कन्व्हर्टर, म्हणजे साठवलेली किंमत पानासाठी बदलून देणारा कोड, साठवलेला मजकूर डेसिमलमध्ये (दशांश संख्येत) बदलताना कल्चर, म्हणजे कोणत्या भाषेच्या पद्धतीने आकडे वाचायचे ते, सांगतच नाही, त्यामुळे चालू पानाचं कल्चर लागू होतं. जर्मनमध्ये दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब. म्हणून ४८.५० मधलं टिंब हजाराचं समजलं जाऊन गळून पडलं आणि शंभरपट किंमत झाली. त्यात बदललेली किंमत कॅशमध्ये, म्हणजे साइटच्या तात्पुरत्या साठ्यात, राहते. साइट रीस्टार्ट झाल्यावर पहिल्यांदा ज्या भाषेतलं पान उघडेल, तिचीच किंमत दोन्हीकडे दिसत राहते. तुम्ही तपासताना इंग्रजी पान आधी उघडत होतात, एवढंच.

हे मी लिहून कळवल्यावर तुमच्याकडून दुरुस्ती आली. कन्व्हर्टरमध्ये टिंबाच्या जागी स्वल्पविराम घालून दिला होता! आता इंग्रजी पान आधी उघडलं की ४८५०. या दुरुस्तीचं वेगळं बिलही आलं.

तुमच्या टेस्ट प्रोजेक्टमध्ये या कन्व्हर्टरची एकच टेस्ट, म्हणजे कोड तपासणारा छोटा कोड, आहे. उत्तर नल (म्हणजे काहीच नाही असं) नाही ना, एवढंच ती बघते. ४८५० नल नाही, म्हणून टेस्ट हिरवी, म्हणजे पास. ही टेस्ट पाहून मला खरोखर वाईट वाटलं. अहो, या कन्व्हर्टरची परीक्षा घ्यायला साइट चालू लागत नाही, डेटाबेस लागत नाही. मजकूर द्यायचा, कल्चर आधी इंग्रजी मग जर्मन ठेवायचं आणि दोन्ही वेळा ४८.५० च येतंय का ते पाहायचं. एनयुनिटमध्ये (टेस्ट लिहायच्या साधनात) पाच-सात ओळींचं काम. तेवढं असतं तर पहिली चूकही सापडली असती आणि दुसरी तर आमच्यापर्यंत पोचलीच नसती.

किंमत रिकामी सोडली तर पानावर शून्य युरो येतं, तेही याच कन्व्हर्टरमुळे. तिथे नल यायला हवं.

तेव्हा किंमत इन्व्हेरियंट कल्चरने, म्हणजे पानाच्या भाषेप्रमाणे न बदलणाऱ्या ठरलेल्या पद्धतीने, वाचली जावी. दोन्ही भाषा, रिकामी किंमत आणि अक्षरं मिसळलेली किंमत यांच्या टेस्ट लिहून कोडसोबत द्याव्यात आणि प्रत्येक डिप्लॉयच्या (नवा कोड साइटवर चढवण्याच्या) आधी त्या चालवाव्यात. त्या चुकीच्या दुरुस्तीचं बिल आम्ही भरणार नाही, ते रद्द केल्याचं लेखी कळवावं. आमचा दिवाळीचा माल पाठवायची वेळ जवळ आली आहे, म्हणून आठ दिवसांत उत्तर अपेक्षित आहे. तोपर्यंत जर्मन पानं मी बंद ठेवली आहेत.

आपली,
वेबसाइट विभागप्रमुख
(सोबत: दोन्ही स्क्रीनशॉट, मी लिहिलेली नापास होणारी टेस्ट)