गिझर सारखा बंद पडतोय? आधी खिडकी बघा

संपादक महोदय,

थंडी तोंडावर आली आहे. ठाण्या-नवी मुंबईत थंडी ती किती, असं लोक म्हणतात, पण येऊरच्या पायथ्याला किंवा आमच्या ऐरोलीत खाडीच्या बाजूला जानेवारीतली सकाळ चांगलीच बोचते. आता घरोघरी गॅस गिझर रोज तासतासभर चालतील, त्यातले काही बिघडतील आणि दुरुस्तीवाल्यांना फोन जातील. ते फोन जाण्याआधी हे पत्र छापून यावं, अशी कळकळीची विनंती.

गेल्या जानेवारीत आमचा गिझर चार-पाच मिनिटं चालून आपोआप बंद पडायला लागला. अंगाला साबण लावेपर्यंत ज्योत विझलेली. मी तेव्हा गावी होतो. घरच्यांनी गेटवर चिकटवलेल्या एका कार्डावरच्या नंबरला फोन केला. माणूस तासाभरात आला, दहा मिनिटांत काम उरकलं, साडेतीनशे रुपये घेतले आणि गेला. पावती नाही, काय केलं ते सांगणं नाही. गिझर मात्र त्यानंतर अर्धा अर्धा तास चालू लागला. घरात सगळे खूश.

तिसऱ्या दिवशी सकाळी सून केस धुवायला गेली. मी आदल्या रात्रीच परतलो होतो. आत नळ वाहत होता आणि मध्येच प्लास्टिकचा मग फरशीवर आपटल्याचा आवाज आला. हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा मारली. मुलाने खांद्याने दार रेटलं तेव्हा कडी निखळली. ती भिंतीला टेकून खाली बसलेली, डोळे अर्धवट उघडे, पण हात उचलायचं त्राण नाही. चादरीत गुंडाळून तिला आधी गॅलरीत मोकळ्या हवेत आणलं आणि मग रिक्षाने रुग्णालयात नेलं.

तिथे बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर आकडा दिसला ९८, म्हणजे ऑक्सिजन ठीक. बीपी कमी झालं असेल, असंच आम्ही धरून चाललो होतो. पण ड्युटीवरच्या डॉक्टर ताईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "बाथरूममध्ये गॅस गिझर आहे का?" त्या एका प्रश्नाने सून वाचली असं मी मानतो. त्यांनी ताबडतोब ऑक्सिजनचा मास्क लावला, रक्त तपासायला पाठवलं आणि कार्बन मोनॉक्साइड निघाला. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला या दोन्हींतला फरक कळत नाही. म्हणून आकडा ९८. आपल्याकडच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी अशा रुग्णांवरून 'गॅस गिझर सिंड्रोम' असं नावच पाडलं आहे. बाथरूममधला बेशुद्ध माणूस कधी फिटचा, कधी हृदयाचा समजला जातो. कुणावर अशी वेळ आली तर रुग्णालयाच्या दारातच 'गॅस गिझर' हे दोन शब्द सांगा.

सून घरी आली, तरी डोकेदुखी पुढे आठवडाभर राहिली. ती घरी आल्यावर मी गिझरचं झाकण उघडलं.

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात ३१ वर्षं मेंटेनन्स फिटर होतो. गिझरच्या वरच्या बाजूला, जिथून जळलेला धूर पाइपमधून बाहेर जातो, तिथे रुपयाच्या नाण्याहून लहान असा एक सेन्सर असतो. धूर बाहेर न जाता मागे फिरला की तो तापतो आणि गॅस तोडतो. त्या सेन्सरच्या दोन्ही वायरी काढून, सोलून, एकमेकींना पिळून वर काळी टेप गुंडाळली होती. टेप अजून नवी, चिकट होती. सेन्सर तिथेच होता, नुसता लोंबकळत. आमच्या भाषेत सेफ्टी बायपास केली होती.

मग मी खिडकीबाहेर वाकून पाहिलं. धुराच्या पाइपचं तोंड कबुतराच्या घरट्याने निम्म्याहून जास्त बुजलेलं. शिवाय दिवाळीच्या रंगकामात आम्ही बाथरूमच्या आडव्या काचपट्ट्यांच्या खिडकीला सरकती काच बसवून घेतली होती, आणि थंडी म्हणून ती बंदच असायची. ती चूक आमची. म्हणजे गिझर बिघडला नव्हताच. आत धूर साठतोय म्हणून तो दर चार-पाच मिनिटांनी स्वतःला बंद करत होता. आम्ही पैसे देऊन त्याचं तोंड बंद करून घेतलं.

कारखान्यात आमच्या बॉयलरची दरवर्षी सरकारी बॉयलर निरीक्षकाकडून तपासणी व्हायची. प्रमाणपत्र असलेल्या अटेंडंटशिवाय तो चालवता येत नसे. पाण्याची पातळी उतरली की बर्नर बंद करणारा कट-ऑफ कुणी बायपास केला असता तर त्याच दिवशी नोकरी गेली असती. तो कायदा घरच्या गिझरला लागू नाही. घरगुती उपकरण आहे, वाफ करत नाही, पाणीही थोडंच मावतं, हे समजण्यासारखं आहे. पण गॅसची ज्योत इथेही आहे, आणि तिच्यापासून दोन हातांवर माणूस दार लावून उभा असतो. तिथे मात्र स्क्रू-ड्रायव्हर हातात असलेला कुणीही झाकण उघडतो.

बहुतेक बिघाड साधे असतात, आणि ते माहीत असले तर असल्या माणसाला बोलवायची वेळच येत नाही. गिझर टिकटिक करतो पण पेटत नाही, तर आधी खालच्या डबीतले दोन मोठे सेल बदला. टिकटिकही होत नसेल तर सेल किंवा पाण्याचा दाब. वरच्या मजल्यांवर दाब कमी असतो, आणि पाणी आत येतं तिथली बारीक जाळी गाळाने भरते. ती काढून धुता येते. टाकी धुतल्यावर किंवा टँकरचं पाणी आल्यावर हे हमखास होतं. आत रबराचा एक पडदा असतो, पाण्याच्या दाबाने तो फुगून गॅसची पिन ढकलतो. तो फाटला की नळ सोडूनही गिझर पेटत नाही. घोडबंदर रोडच्या ज्या सोसायट्यांना बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी घ्यावं लागतं, तिथे तांब्याच्या नळीत क्षार बसतात, पाणी पुरेसं तापत नाही आणि लोक गॅस वाढवत राहतात. त्यावर उपाय सफाईचा, गॅस वाढवण्याचा नाही.

पण चालू असलेला गिझर मध्येच बंद पडत असेल, ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसत असेल, झाकणावर काजळी धरत असेल किंवा अंघोळीनंतर डोकं जड होत असेल, तर तो त्या क्षणापासून वापरू नका. वास येत नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. सिलिंडरच्या आणि पाइपच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास मिसळलेला असतो. जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही.

दुरुस्तीला माणूस शक्यतो त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचाच बोलवा. कुणीही येवो, काम होईपर्यंत घरातलं मोठं माणूस शेजारी उभं राहू द्या. नेमकं काय बदललं ते विचारा, जुना पार्ट मागून घ्या, पावतीवर तारीख आणि नाव असू द्या. "सेन्सर खराब होता, काढून टाकला, आता काही प्रॉब्लेम नाही" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबवा. सेन्सर खराब असेल तर नवा बसतो, काढला जात नाही. काम झाल्यावर जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते समोर बघा, काडी ओढून गळती तपासू देऊ नका. धुराचा पाइप बाहेरच्या टोकापर्यंत मोकळा आहे का, हे दाखवून घ्या.

ज्यांच्याकडे सिलिंडर जाऊन महानगर गॅसची पाइपलाइन आली आहे, त्यांनी जुना गिझर तसाच जोडू नये. दोन्ही गॅसचा दाब आणि उष्णता वेगळी, म्हणून बर्नरचे जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक छिद्राची तोंडंही वेगळी असतात. त्या मॉडेलला पाइपगॅसचे जेट कंपनीकडे मिळत असतील तर तेच बसवून घ्यावेत, नाहीतर नवा गिझर घ्यावा. ड्रिल मारून छिद्र वाढवून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती भाड्याच्या घरांची. घणसोली, कोपरखैरणेत एका घरात चार-पाच मुलं राहतात, सकाळी एकामागून एक अंघोळीला जातात. बंद बाथरूममध्ये पहिल्याच्या वेळी साठलेली हवा तिसऱ्या-चौथ्याच्या वाट्याला येते. गिझर घरमालकाचा, दुरुस्ती ज्याला जमेल त्याने केलेली. घरमालकांनी नवा भाडेकरू ठेवताना एकदा गिझर उघडून तपासून घ्यावा आणि शक्य असेल तर तो बाथरूममधून काढून ड्राय बाल्कनीत लावावा, आत फक्त गरम पाण्याची नळी न्यावी. आम्ही तेच केलं. खर्च आला, दोन फरशा फुटल्या, पण आता ज्योत आणि माणूस यांच्यामध्ये भिंत आहे.

सोसायट्यांच्या कमिट्यांनाही एक सांगणं आहे. गेटवर आणि लिफ्टमध्ये कुणाची कार्डं चिकटतात ते बघा. बाहेरच्या रंगकामाला किंवा कबुतरजाळी लावायला परांची बांधली की प्रत्येक बाथरूमच्या धुराच्या पाइपचं तोंड साफ करून घ्या. तिथपर्यंत हात एरवी पोचत नाही.

त्या दोन पिळलेल्या वायरी मी कापून एका काचेच्या बाटलीत ठेवल्या आहेत. येत्या सभेत त्या सगळ्यांच्या हातात देणार आहे.

आपला,
एक नियमित वाचक, ऐरोली, नवी मुंबई